डिस्को एलिसियम : गुण कोठे खर्च करावेत
सर्व कौशल्यांत गुण सारखे वाटावेत, हा सल्ला ‘डिस्को एलिसियम’ या पोलीस तपासावरील व्हिडिओ गेमपुरता मला पटत नाही. तेथील 24 कौशल्ये 4 गटांत विभागलेली असून, गटाला आरंभी दिलेला अंकच त्यातील कौशल्यांची वाढ कोठवर होईल हे बहुतांशी ठरवतो. शिवाय खेळात कौशल्यांची कसोटी पाहणाऱ्या चाचण्यांपैकी पांढरी चाचणी फसली, तर त्याच कौशल्यात गुण घालून ती पुन्हा देता येते. म्हणून मिळालेला गुण लगेच खर्च न करता, तपास जेथे खरोखर अडेल तेथेच वापरावा. लाल चाचणी मात्र एकदाच मिळते, तेव्हा तिच्याआधी कौशल्य वाढवणारे कपडे अवश्य घालावेत. मी स्वतः ‘सहानुभूती’ या कौशल्याला प्राधान्य देतो, कारण साक्षीदार जे सांगायचे टाळतो, ते अनेकदा त्याच्यामुळेच उमगते.