घरच्या सहभागितेत गाणी घेताना तुमचे अनुभव काय? (सोलापूर)

जय ख्रिस्त मंडळी. आमच्या तरुण संघाची दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी सहभागिता, म्हणजे प्रार्थना-गाण्यांची बैठक असते, पंधरा-वीस जण, आणि गाणी घ्यायचं काम आता माझ्याकडे आलंय. माईक नाही, स्टेज नाही, नुसती पेटी. मी गातो आणि बाकीचे ऐकत बसतात, ते मला नकोय. तुम्ही कसं करता, काय चुकलं, काय जमलं, मोकळेपणानं लिहा.

*

मी महिला मंडळात पेटी वाजवते, बारा वर्षं झाली. माझी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चार (पेटीची चौथी काळी सूरपट्टी), त्यामुळे सगळी गीतं तिथंच घ्यायचे आणि अंतरा आला की पुरुष मंडळी गप्प, मला वाटायचं यांना गाण्यात रसच नाही. एकदा एक काका, पूर्वी गिरणीत होते, हळूच म्हणाले, "ताई, जरा खाली घ्या की ओ, आमचा गळा तिथवर पोचंना." तेव्हापासून सुरू करायच्या आधी अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा मनात म्हणून बघते आणि काळी दोनवर उतरते. मला खाली अवघड जातं, तरी तेच करते, कारण त्या संध्याकाळी काकांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, भरदार, खर्जातला, आणि सगळी खोली त्या आवाजाच्या आधारानं गायली. अजून एक, दोन कडव्यांमध्ये पेटी लांबवू नका, कुठून उचलायचं ते लोकांना कळत नाही.

*

ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांचे अभंग घ्या. 1895 ला बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग-ओवीत ख्रिस्त गायला, आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, ती लय इथं प्रत्येकाच्या कानात आहे. आमच्याकडे प्रार्थनेला शेजारच्या माळकरी आजी चहाची भांडी द्यायला आल्या होत्या, अभंग सुरू होता, त्या दारातच उभ्या राहिल्या आणि हातानं ताल धरला. शब्द त्यांना नवे, चाल ओळखीची. मला फार भरून आलं.

*

आम्ही पूर्व भागातले, निम्मी मंडळी घरी तेलुगू बोलतात. वयस्कर मावश्यांना मराठी वाचता येत नाही, छापलेले कागद वाटले की त्या नुसत्या हातात धरून बसायच्या. आता मी एक ओळ म्हणतो, सगळे मागून म्हणतात, ध्रुवपद तीनदा. "स्तोत्रम" आणि "हालेलुया" आले की त्यांचा आवाज सगळ्यात मोठा असतो. कागद वाटणं बंदच केलं.

*

मे महिन्यात लाईट गेली, शब्द सगळे मोबाईलवर आणि चार्जिंग कुणाचंच नाही. पोरांनी टाळ काढले, बायबलच्या स्तोत्र 150 मध्ये झांजा आहेतच. पाठ असलेली चारच गीतं तासभर गायलो, अंधारात, घामानं भिजून. तेव्हापासून दर महिन्याला एक गीत पाठ करतोच.

*

धाग्याच्या सुरुवातीला विचारलेला मीच. ताईंचं वाचून काल काळी दोनवर घेतलं. दाराजवळ बसणारे दोघं कधी तोंड उघडत नव्हते, ते अंतऱ्याला आले. पण टाळ्या सुरू झाल्या की लय पळते, तिसऱ्या कडव्याला सगळे धापा टाकतात. पेटी वाजवत लय कशी धरून ठेवायची? पुढचा शुक्रवार जुळे सोलापूरला आहे, कुणाकडे ढोलकी असेल तर घेऊन या.