पुणे ते पंढरपूर पायी: ट्रकमध्ये काय टाकायचं, खांद्यावर काय घ्यायचं?

मुठाकाठ

राम कृष्ण हरी.

यंदा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात पुण्यापासून पंढरपूरपर्यंत चालायचं नक्की झालं आहे. आळंदी-पुणे टप्पा आधी केलेला आहे, पुढचा नाही. दिंडीत दोघांची नावं दिली, भिशी (दिंडीची वर्गणी) भरली. तंबू, दोन वेळचं जेवण आणि सामानाला ट्रक दिंडीकडून आहे. बरोबर आई आहे. वय ५८, रोज रक्तदाबाची गोळी, चालायची सवय चांगली.

सामान काढून वजन केलं तर माझी एकट्याची सॅक ११ किलो भरली. पाच जोड कपडे, टर्किश टॉवेल, जाड रेनकोट, स्लीपिंग बॅग, नवे स्पोर्ट शूज, औषधं, खाऊ. यातलं काय काढू? बूट चालतील की सँडल? पावसासाठी नेमकं काय घेऊ? आणि आईच्या सामानात काय वेगळं लागेल, तेही सांगा.

पखवाज

माउली, ११ किलो ही अडचण नाही, ट्रक ते उचलेल. एकच सॅक भरलीत, अडचण तिथे आहे. सकाळी ट्रकवर टाकलेली बॅग संध्याकाळी तंबू पडल्यावरच हाती येते. ट्रक दिंडीबरोबर चालत नाही, वेगळ्या वाटेने पुढे जातो आणि गर्दीत अडकला तर तुमच्या नंतर पोचतो. म्हणजे पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत जे लागेल ते सगळं अंगावर हवं. आधी ती पिशवी भरा, मग ट्रकची.

खांद्यावर: एक लिटरची बाटली, पातळ प्लास्टिकचा कागद किंवा पोंचो, पंचा, मोज्यांचा एक कोरडा जोड, पायांचं सामान (त्यावर कोणीतरी सविस्तर लिहीलच), त्या दिवसाची औषधं, ओआरएसची दोन पाकिटं, मूठभर गूळ-शेंगदाणे, बॅटरी, सुटे पैसे, आधार कार्डाची झेरॉक्स. पाण्यासकट अडीच किलोच्या आत बसवा. शबनम पिशवी एकाच खांद्यावर ओढते आणि सासवडला पोचेपर्यंत मान धरते. त्यापेक्षा दोन पट्ट्यांची छोटी सॅक बरी. टाळ वाजवणार असाल तर दोन्ही हात मोकळे राहतात, हा आणखी एक फायदा.

ट्रकमध्ये: चालायचे कपडे दोन जोड, झोपायचा एक आणि एकादशीसाठी राखलेला एक. पाच जोड लागत नाहीत, कारण माउलींचा सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. मधल्या दिवशी सगळं धुऊन वाळवता येतं. टर्किश टॉवेल घरी ठेवा, दमट हवेत तो दोन दिवस वाळत नाही आणि बॅगेतल्या बाकी कपड्यांनाही कुबट वास लावतो. दोन पंचे घ्या. स्लीपिंग बॅगही नको, फलटणच्या पुढे तिच्यात घामाघूम व्हाल. खाली अंथरायला साडेसहा बाय तीन फुटांचं मेणकापड, त्यावर सतरंजी, अंगावर चादर. मेणकापड विसरू नका, तंबू ओल्या शेतात पडतो आणि ओल खालून वर येते. बोहरी आळीत ते हव्या त्या मापाचं कापून देतात.

बॅग मऊ कापडी घ्या, चाकांची नको. तिच्यावर शे-दोनशे बॅगा पडतात. आत आधी मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि कपडे तिच्यात भरा. वरून घातलेलं कव्हर दोन दिवसांत फाटतं. बाहेर ऑइलपेंटने नाव, दिंडीचा क्रमांक, दिंडी पालखीच्या रथापुढे की रथामागे आणि फोन नंबर लिहा. शिवाय एक भडक रंगाची चिंधी बांधा. रात्री बॅटरीच्या उजेडात पन्नास काळ्या बॅगांतून आपली शोधताना चिंधीच दिसते.

टाचेखाली

पायांचं मी लिहिते. वारी अर्धवट सुटते ती बहुतेक वेळा पायांमुळे, दम लागल्यामुळे नाही.

नवे बूट नकोत. निघायला महिना असेल तर आजपासून रोज घाला आणि किमान शंभर किलोमीटर त्यांत चाला. तेवढा वेळ नसेल तर जुने, पायाला बसलेलेच न्या. माप अर्ध्या ते एक नंबराने मोठं हवं, कारण डांबरावर सलग चालून संध्याकाळी पाय सुजतात आणि उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं.

बूट की सँडल? माझं मत मागच्या पट्ट्याच्या सँडलला. जून-जुलैत बूट एकदा आतून भिजला की रात्रीत वाळत नाही, आणि ओल्या बुटात दोन दिवस पाय राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सँडल दहा मिनिटांत निथळते. तिचा तोटा म्हणजे पट्ट्याखाली खडा-वाळू अडकून कातडी सोलते. त्यासाठी आत पातळ मोजे घाला. मोजे निव्वळ सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ होते आणि मऊ कातडीलाच फोड येतो. नायलॉन-मिश्र चार जोड पुरतात. ट्रकच्या बॅगेत रबरी स्लीपर वेगळी ठेवा, अंघोळीला आणि रात्री तंबूत.

पायांचं सामान एका डबीत: व्हॅसलिन, दीड-दोन इंची कापडी चिकटपट्टी (कागदी पट्टी घामाने सुटते), छोटी कात्री, दोन-तीन सुया, पोव्हिडोन-आयोडिनचं मलम, गॉज, बुरशीनाशक पावडर.

वापर असा. पहाटे टाचा, बोटांच्या बेचक्या आणि चवड्याला व्हॅसलिन लावा. पट्टी जिथे चिकटवायची ती जागा मात्र कोरडी ठेवा. चालताना एखादी जागा गरम लागली, चुरचुरली की तिथल्या तिथे बाजूला थांबा आणि पट्टी लावा. बहुतेकांचं इथे चुकतं. विसाव्यापर्यंत थांबू म्हणतात आणि तोवर फोड भरतो. फोड लहान असेल तर फोडू नका. मोठा, टणक, चालू न देणारा असेल तर हात धुऊन, सुई निर्जंतुक करून कडेला दोन छिद्रं पाडा, पाणी दाबून काढा, मलम आणि गॉज लावा. वरची कातडी काढायची नाही, तीच आतल्या जखमेचं झाकण आहे. भोवती लाली पसरली, ठणका लागला किंवा ताप आला तर दिंडीबरोबरच्या आरोग्य पथकाकडे जा, घरगुती उपाय थांबवा.

रात्री पाय धुऊन बेचक्या पंचाने नीट कोरड्या करा, पावडर टाका आणि पाय पिशवीवर उंच ठेवून झोपा.

मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये, श्रद्धा कितीही असली तरी. तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते, काच लागली तरी कळत नाही. रोज संध्याकाळी दुसऱ्याकडून तळवे बघून घ्यावेत.

पर्वतीपायथा

सँडलबद्दल ताईंशी थोडा मतभेद. घोट्यात पूर्वी लचक असेल किंवा टाचदुखी असेल तर सपाट सँडलने ती वाढते. अशांनी जाळीचे हलके बूट घ्यावेत आणि रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. सकाळपर्यंत बरंचसं पाणी कागद शोषतो. जाळी नसलेले, वॉटरप्रूफ म्हणून विकले जाणारे बूट मात्र नको. वरून शिरलेलं पाणी त्यातून बाहेर पडत नाही.

पावसाबद्दल. ही वाट दोन हवामानांतून जाते. पुणे, दिवे घाट, सासवड इथे भिजण्याची तयारी हवी. नीरा ओलांडली की फलटण, नातेपुते, माळशिरस हा पर्जन्यछायेचा पट्टा. तिथे बरेचदा कडक ऊन असतं, मधूनच एखादी जोराची सर. जाड रेनकोट दोन्हीकडे गैरसोयीचा. चालताना आत घामाने तेवढंच भिजता, आणि ऊन पडलं की एक-दीड किलोचं ओझं. वारकरी डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतात त्यामागे कारण आहे. वारा खेळता राहतो, पाठीवरची पिशवी झाकली जाते, बसताना तोच अंथरता येतो. पोंचो घेतलात तर गुडघ्याखाली न जाणारा घ्या, लांब असला की घाटात पायात येतो. छत्री उन्हासाठी उत्तम, पण दिंडीच्या ओळीत शेजाऱ्याच्या डोळ्याजवळ काडी जाते. ओळीत असताना मिटवा.

उन्हासाठी पांढरी टोपी आणि मानेवर ओलं उपरणं.

मुठाकाठ

खूप उपयोगी. स्लीपिंग बॅग, टॉवेल, रेनकोट आणि दोन जोड कपडे बाहेर काढले, साडेसहा किलोवर आलो. बूट वर्षभर वापरलेले आहेत तेच नेतो, जाळीचेच आहेत.

आईच्या गोळ्या किती घेऊ? आणि पुणे-सासवड टप्प्यात एकादशी येते का? ती निर्जळी करते.

औषधकट्टा

आधी एकादशीचं. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडकडे निघते तेव्हा बहुतेक वर्षी योगिनी एकादशी असते. वाटेतला सर्वात लांब टप्पा हाच, ३० किलोमीटरच्या आसपास, आणि वडकी नाल्यानंतर दिवे घाटाची चढण. त्या दिवशी निर्जळी नको. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, त्यात घाम आणि पाणी बंद, म्हणजे घाटात चक्कर. आईंना समजावून सांगा. पाणी, सरबत, केळी, राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याचा लाडू उपासाला चालतं, ते पिशवीत असू द्या. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना पंधरा दिवसांच्या चालीबद्दल सांगा. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायची का, ते डॉक्टरच ठरवतील.

गोळ्यांचा हिशोब: पुण्यापासून १५ दिवस, पंढरपूर आणि परतीचे २, वर ४ राखीव. रोज एक असेल तर २१. यातल्या पाच आईंच्या कमरेच्या बटव्यात, पाच तुमच्याकडे, बाकीच्या ट्रकच्या बॅगेत. सगळ्या एका ठिकाणी नकोत. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि गोळीचं मूळ (औषधाचं) नाव एका कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये.

ओआरएस: मोठं पाकीट पूर्ण एक लिटरसाठी असतं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकून पिणं चूक, मीठ जास्त होतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेका. रक्तदाब आहे म्हणून आईंनी ते दिवसभर पाण्यासारखं पिऊ नये. खूप घाम गेला किंवा जुलाब झाले तरच.

दुखण्यावरच्या गोळ्या (आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक) रोज सकाळी घेऊन चालणारे बरेच दिसतात. उपाशीपोटी आणि शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला घातक, आणि रक्तदाबाच्या औषधाबरोबर जास्तच. अंगदुखीला पॅरासिटामॉल न्या.

क्लोरीनच्या गोळ्या घेतल्यात तर एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर वाचा. काही गोळ्या २० लिटरच्या हंड्यासाठी असतात, बाटलीसाठी नाही. टाकल्यावर अर्धा तास थांबून मग प्या.

टाचेखाली

आईंसाठी आणखी थोडं, कारण हे सहसा कोणी सांगत नाही.

साडीत चालणार असतील तर आत गुडघ्यापर्यंतची घट्ट सुती-लायक्रा चड्डी हवीच. परकराखाली मांड्या घासून दुसऱ्या दिवशी पाऊल टाकवत नाही. तिथे आणि काखेतही पहाटे व्हॅसलिन. साडी सिंथेटिक, हलकी, सहावारी असेल तर घोट्याच्या वर नेसावी. काठाला चिखल लागला की ती जड होते आणि पायात येते.

अंघोळ पहाटे साडेतीन-चारला, टँकरपाशी किंवा आडोशाला उरकावी लागते. गडद रंगाचा सुती गाऊन आणि एक जुनी चादर आडोशाला धरायला न्या. फिरती शौचालयं असतात, पण रांग असते आणि आत दिवा असेलच असं नाही. गळ्यात अडकवायची छोटी बॅटरी, कागदी साबण, पाण्याची वेगळी बाटली. रांग नको म्हणून पाणीच कमी पिणं ही बायकांची नेहमीची चूक. त्यातून लघवीची जळजळ सुरू होते आणि वारी अवघड होते. सोने-दागिने घरी ठेवा, गळ्यात तुळशीची माळ पुरे.

पखवाज

दोन गोष्टी राहिल्या. पॉवरबँक दहा हजार एमएएचची एक, दोघांत. तंबूत जनरेटरवर एका बोर्डाला वीस फोन लागतात, त्यामुळे दिवसा फोन बंद ठेवायची सवय करा. आणि एकमेकांपासून चुकलात तर कुठे भेटायचं ते फोनवर विसंबून ठेवू नका, गर्दीत रेंज जाते. आईंच्या बटव्यात दिंडीचा क्रमांक आणि विणेकऱ्यांचा किंवा दिंडीचालकांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. रोज निघताना त्या दिवसाच्या मुक्कामाचं गाव दोघांनाही तोंडपाठ.

दुसरी गोष्ट वाखरीची, म्हणजे पंढरपूरआधीच्या शेवटच्या मुक्कामाची. पंढरपुरात दिंडीचा मुक्काम मठात आहे की ६५ एकरात (वारकऱ्यांच्या तंबूंच्या मोठ्या तळावर), हे आधीच विचारून ठेवा, कारण एकादशीच्या गर्दीत ट्रक जवळ आणता येत नाही. वाखरीला रात्रीच एकादशीचे कपडे, पंचा, ओल्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी आणि दोन दिवसांच्या गोळ्या खांद्यावरच्या सॅकमध्ये काढून घ्या. चंद्रभागेचं स्नान झाल्यावर कोरडं लुगडं ट्रकमध्ये राहिलं, असं व्हायला नको.