गिझरचे कनेक्शन पाइप : गरम बाजूला पीव्हीसी नको

प्लंबर दोन्ही बाजूंना पीव्हीसीचे पाइप लावतो म्हणतोय आणि गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून (आतला दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा) ठिबकतं म्हणून तो बंद करायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपया दोन्ही करू नका.

साधा यूपीव्हीसी (नेहमीचा कडक पीव्हीसी) साधारण ६० अंशांपर्यंतच चालतो आणि गिझरमधलं पाणी सहज ७५ च्या आसपास जातं. भिंतीतली लाइन सीपीव्हीसीची (गरम पाण्यासाठीचा पीव्हीसी) असू द्या, ती ९० च्या पुढेही टिकते. भिंतीपासून गिझरपर्यंत अर्ध्या इंची, स्टीलच्या जाळीचे, दोन्ही टोकांना पितळी नट असलेले पाइप घ्या. घणसोलीच्या आमच्या घरी गरम बाजूला प्लास्टिकच्या नटाचा पाइप होता. दुसऱ्याच हिवाळ्यात नटाला केसाएवढी चीर गेली आणि सकाळी बाथरूमभर पाणी. वॉशर काढून पाहिला तर खडखडीत कडक, नखाने तुकडा पडला.

आता व्हॉल्व्ह. १५ लिटर पाणी २५ वरून ७५ अंशांवर गेलं की सुमारे पाव-अर्धा लिटरने फुगतं. ते जाणार कुठे? गरम होताना चार थेंब पडणं हेच त्याचं काम. तो थंड पाण्याच्या बाजूलाच हवा, खाली तोंड करून, आणि त्याच्या व गिझरच्या मध्ये कॉक अजिबात नको. गिझर बंद असतानाही सतत गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला किंवा पाण्याचा दाब तपासा. टॉवरच्या खालच्या मजल्यांवर तो फार असतो.

टेफ्लॉन टेप थ्रेडवरच गुंडाळा, वॉशरच्या नटाला गरज नाही.