ट्रॅफिकमध्ये १९९६ ची मर्सिडीज ई२२० तापते, हायवेला एकदम ठीक. हेड उघडू का?

रामबागकर:
नमस्कार मंडळी, बाबांची मर्सिडीज ई२२० आहे, डब्ल्यू १२४ मॉडेल, पेट्रोल, पुण्यात असेंबल झालेली. इंदूरच्या बायपासला किंवा उज्जैन रोडला टेंपरेचरचा काटा ८० च्या जरासा वर, शांत, पण पलासियाला किंवा राजवाड्याकडे एसी लावून अडकलो की हळूहळू १०० च्या पुढे जातो आणि एसीपण साधी हवा फेकायला लागतो. गाडी परत पळाली की दोन्ही आपोआप ठीक. मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड म्हणजे वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवू, नाहीतर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) तरी काढून टाकू. इंदूरात मे महिन्यात गाडीचं अजून काय काय तपासायचं बाकी आहे?

जुना_तारा:
हेडला हात लावू देऊ नका भाऊ. गॅस्केट गेलं असतं तर हायवेला लोड पडल्यावर आधी बोंबललं असतं. तुमच्याकडे उभ्या गाडीत रेडिएटरमधून हवाच ओढली जात नाहीये, म्हणून इंजिन आणि एसी दोन्ही एकदम रडतात.
पुढच्या जाळीमागे इलेक्ट्रिक पंखे आहेत ते बघा. एसीच्या गॅसचं प्रेशर वाढलं की ते स्लो स्पीडला फिरायला पाहिजेत, फास्ट स्पीड तर पाणी १०५ च्या आसपास गेल्यावरच लागते. स्लो स्पीड एका रेझिस्टरमधून (पंख्याचा करंट कमी करणारा पार्ट) येते, तो जळला की काटा वर चढेपर्यंत पंखे नुसते बसून राहतात, आणि बहुतेक मिस्त्री फास्ट स्पीड चालू बघून पंखा ओके म्हणून मोकळे होतात.
दुसरं, इंजिनवरच्या पंख्याचं व्हिस्कस कपलिंग, म्हणजे आतल्या घट्ट ऑइलने पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग. गाडी बंद आणि थंड असताना हाताने फिरवा, जड लागलं पाहिजे, गरगर फिरलं तर गेलं.
आणि थर्मोस्टॅट काढायचा तर विचारच नको, त्याने इंजिनातल्या पाण्याची बायपास वाट उघडी राहते, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात.

मिलगाव_मास्तर:
वरचं बरोबर आहे पण पाणी कोणतं टाकलंय तेपण बघा. इथे ड्रायव्हर लोक सर्रास बोरचं पाणी ओततात, आपल्याकडे बोरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो ना तोच आत रेडिएटरच्या नळ्यांत. पाण्याच्या टाकीच्या ढक्कनाचं रबर कडक झालं असेल तर तेपण बदला, प्रेशर धरलं नाही की पाणी लवकर उकळतं.

रामबागकर:
थँक्यू! एसी लावून बॉनेट उघडून उभा राहिलो, पंखे ढिम्म. मिस्त्रीने डायरेक्ट करंट दिला तर दोन्ही मस्त फिरले, म्हणजे रेझिस्टरच दिसतोय ना? व्हिस्कसपण बोटाने फिरतोय आणि त्याच्या तोंडावर तेलकट धूळ चिकटलेली आहे. टाकीतलं पाणी मातकट. मिस्त्री आता हेडचं नाव काढत नाहीये 😄

जुना_तारा:
तेलकट म्हणजे आतलं सिलिकॉन ऑइल बाहेर आलं, बदलाच. दुकानात आडवं पडलेलं कपलिंग घेऊ नका, ते उभंच ठेवायचं असतं, आडवं राहिलं की ऑइल गळतं. रेझिस्टर बायपास करून पंखे कायम फुल स्पीडला जोडून देतो म्हणेल कोणी, नाही म्हणा, वायरिंग आणि मोटर दोन्ही लवकर जातात. पाणी काढल्यावर सिट्रिक ॲसिडने फ्लश, मग साधं पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि शेवटी कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. हे सगळं झाल्यावरही सकाळी थंड गाडीचा रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा टणक लागला किंवा टाकीत बुडबुडे आले, तर मग गॅस्केटचं बोलू.