‘राखीव सैन्य’ म्हणजे नेमके कोण?

विचारणा, हिंगोलीहून

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी मी लहान राष्ट्रांच्या सैन्यांवर एक टिपण तयार करते आहे आणि आयर्लंडपाशी अडले आहे. त्या देशाच्या स्थायी सैन्याची मंजूर संख्या बरीच वर्षे ९,५०० होती, प्रत्यक्षात ती आठ हजारांच्याही खाली गेली, आणि २०२२ मध्ये तेथील सरकारने २०२८ पर्यंत ती ११,५०० वर नेण्याचे ठरवले. येथपर्यंत अडचण नव्हती. पुढे ‘रिझर्व्ह’ आले. मी ‘राखीव दल’ असे लिहिले, तेव्हा वर्गातील बहुतेक मुलांना आमच्या गावातील एसआरपीचा कॅम्प आठवला, आणि त्यांनी राखीव दलाची संख्या सरळ स्थायी सैन्यात मिळवली. कृपया योग्य शब्द सुचवावा.

उत्तर, अंबाजोगाईहून

ताई, मुलांचे चुकलेले नाही. राज्य राखीव पोलीस दलातील जवान पूर्णवेळ पगारी असतो. त्याला एका ठाण्याशी बांधून न ठेवता गरज पडेल तेथे पाठवण्यासाठी हाताशी ठेवलेले असते, एवढ्याच अर्थाने तो राखीव. आयर्लंडमध्ये मात्र त्या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळी माणसे येतात. एक, सैन्यातून बाहेर पडलेला आणि गरज पडल्यास परत बोलावता येणारा प्रशिक्षित सैनिक; याला तेथे ‘पहिल्या फळीचे राखीव’ म्हणतात. दुसरा, आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून ठरावीक दिवस प्रशिक्षण घेणारा नागरिक, जो तेथील भूदलाच्या किंवा नौदलाच्या राखीव विभागात स्वेच्छेने दाखल होतो. या दोघांना एकाच रकान्यात मांडले, तर त्या देशाचे बळ कागदावर फुगते आणि वाचकाची फसगत होते.

‘कुमक’ येथे चालणार नाही, कारण कुमक लढाई सुरू असताना येऊन मिळते. वर्षभर घरी असलेल्या माणसाला कोणी कुमक म्हणत नाही. ‘शिबंदी’ जवळची वाटते, पण ती किल्ल्याच्या बंदोबस्तासाठी आणि वसुलीसाठी ठेवलेली माणसे असत. मला जुन्या मराठीतील दुसरीच एक जोडी अधिक उपयोगाची वाटते. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. हे शब्द आज लावता येणार नाहीत, पण सैनिकाचे नाव त्याच्या चाकरीच्या अटीवरून ठेवण्याची ती रीत आपण जरूर उचलावी. म्हणून पहिल्यासाठी ‘माजी सैनिकांचे राखीव दल’ आणि दुसऱ्यासाठी ‘अंशकालीन राखीव दल’ असे लिहावे. ‘अंशकालीन’ हा शब्द शाळेत आणि कार्यालयात रुळलेला असल्यामुळे मुलांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडचा दाखला हवा असल्यास १९४९ मध्ये उभी राहिलेली प्रादेशिक सेना सांगावी. छत्रपती संभाजीनगर परिसरात झाडे लावणारी माजी सैनिकांची पर्यावरण बटालियन तिचाच भाग आहे.

पुरवणी, नांदेडहून

अंबाजोगाईच्या सरांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ‘स्वेच्छेने दाखल होणारा’ याचे पुढे कोणी ‘स्वयंसेवक’ केले, तर मराठवाड्यात त्या शब्दाचा इतिहासही सांगावा लागेल. आयर्लंडच्या सैन्याचे आयरिश भाषेतील अधिकृत नाव ‘ओग्ली ना हेरन’ असे आहे आणि त्याचा अर्थ ‘आयर्लंडचे स्वयंसेवक’ असाच होतो. ‘रझाकार’ या शब्दाचाही मूळ अर्थ तोच आहे, स्वखुशीने काम करणारा. आपण रोज वापरतो ते रजा, राजी आणि राजीनामा हे शब्द त्याच कुळातले आहेत, आणि त्या सर्वांच्या मुळाशी संमती आहे. परंतु निजामाच्या राजवटीत रझाकार म्हणवणाऱ्या सशस्त्र टोळ्यांकडून १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आमच्या वडीलधाऱ्यांनी जे भोगले, त्यानंतर ‘रझाकार’ या शब्दातून संमतीचा अर्थ आमच्यासाठी कायमचा निघून गेला. त्या माणसांच्या हाती शस्त्र होते, पण त्यांच्यावर नियमित सैन्याची शिस्त नव्हती. आयर्लंडचा अंशकालीन सैनिक कायद्याने सैन्याच्या आज्ञेत असतो. हा फरक टिपणात एका वाक्यात का होईना, यावा असे मला मनापासून वाटते.

पुन्हा हिंगोलीहून

दोघांचेही आभार. मी तीन वेगळे रकाने केले आहेत: स्थायी सैन्य, माजी सैनिकांचे राखीव दल, अंशकालीन राखीव दल. तसेच कर्तव्यांच्या परिच्छेदात एक दुरुस्ती केली आहे. ‘देशाचे रक्षण’ एवढेच लिहून मी पुढे गेले होते. आता पोलिसांना साहाय्य, पुरासारख्या आपत्तीत मदत, सागरी मासेमारीवर देखरेख आणि १९५८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, विशेषतः १९७८ पासून लेबनॉनमध्ये केलेली कामगिरी, अशी कामे स्वतंत्रपणे लिहिली आहेत. स्थायी सैन्यच आठ हजारांच्या आत असताना एवढी कामे कोण करणार, असे मुलांनी विचारले, तर ती मुख्यतः स्थायी सैन्यच करते आणि पुढच्या दोन रकान्यांतील माणसे केवळ जोडीला असतात, असे सांगता येईल. ‘स्वयंसेवक’ हा शब्द मी टिपणात वापरलेला नाही. सतरा सप्टेंबरच्या आधीच्या आठवड्यात वर्गात त्याच शब्दावर एक वेगळा तास घेणार आहे.