मानसशास्त्रज्ञ निवडताना काय पाहावे?

प्रश्न: बहिणीसाठी मानसशास्त्रज्ञ शोधत आहे. एका बाईंच्या परिचयात ‘सीबीटी’ आणि ‘व्यक्तिकेंद्रित’ असे दोन्ही शब्द आहेत. यांतून नेमके काय समजावे?

उत्तर १: सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणूक यांवर काम करणारी उपचारपद्धती. तिचे एक मूळ मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या १९६० च्या दशकातील कामात आहे. तिच्यात, उदाहरणार्थ, ‘मी नापासच होणार’ असे मनात आले की ते वहीत उतरवायचे आणि त्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे शांतपणे तपासायचे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्रित पद्धतीत मात्र निवाडा न करता, मनापासून समजून घेत ऐकणे हाच गाभा असतो. अनेक जण दोन्हींचा मेळ घालतात.

उत्तर २: पदवी पाहाच, पण उपचारांचे प्रत्यक्ष काम कोणाच्या देखरेखीखाली शिकलात, हेही विचारा. माझ्या मते चांगल्या तज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. पहिल्या भेटीतच विचारते.