सासूबाई म्हणतात 'न्हायचंय', म्हणजे नेमकं काय?

नौपाड्याची सून:
काल रात्री सासूबाई म्हणाल्या, "उद्या मला न्हायचंय गं, गिझर लवकर लाव." माझी आठ वर्षांची लेक लगेच म्हणाली, "आजी, तू तर रोज अंघोळ करतेस!" त्यावर त्या म्हणाल्या, "अंघोळ अंगाची, न्हाणं डोक्यावरून." माहेरी, सानपाड्याला, आम्ही 'केस धुवायचेत' एवढंच म्हणायचो. हा फरक सगळीकडे आहे की आमच्याच घरचा? आणि शब्द आला कुठून?

वाशीकर ताई:
आमच्याकडेही हाच फरक. आई अजून विचारते, "आज न्हालीस का?" म्हणजे केस धुतलेस का.

कोपरीचे निवृत्त मास्तर:
संस्कृत 'स्नान', प्राकृतात 'ण्हाण', मराठीत 'न्हाण'. मुळात अर्थ सगळ्या अंघोळीचाच, म्हणून तर न्हाणीघर. बाळाला न्हाऊमाखू घालतो त्यातही तोच, माखणं तेलाचं. मग बायकांच्या बोलण्यात तो डोक्यापाशी का थांबला? मला वाटतं, कमरेएवढे केस रोज भिजवून वाळवायचे कधी? रोज अंगावरून पाणी, केस ठरल्या वारी. शिवाय पाळीच्या चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं. 'तिला न्हाण आलं' (पहिली पाळी आली), 'न्हातीधुती पोर' (वयात आलेली) हे त्यातूनच आलं. माझी आई शिकेकाई पितळी पातेल्यात उकळायची. न्हाऊन आली की मान खाली घालून पंच्याने केस झटकायची. भिंतीवर तांबूस थेंब उडायचे. न्हाणं म्हटलं की मला ते थेंब आठवतात.

घोडबंदरवाली:
'शॅम्पू'सुद्धा आपल्याकडचाच! हिंदी 'चाँपना', म्हणजे दाबणं, चोळणं. निऱ्या चापूनचोपून बसवतो त्यातलं 'चापणं' त्याच कुळातलं. 1759 साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद पुढे इंग्लंडमध्ये ब्रायटनला वाफेचं स्नान आणि मालिश देत, त्याला तिथे शॅम्पूइंग म्हणत. चौथ्या जॉर्ज राजानेही त्यांना आपल्या सेवेत नेमलं होतं. केस धुण्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.

नौपाड्याची सून:
मास्तर, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. 'न्हातीधुती'पाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "चौथ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं. हंड्याला हात लावायचा नाही. जाऊबाई वरून पाणी ओतायच्या, मी नुसतं डोकं पुढे करायचं." सतरा वर्षं एका घरात राहून हे मी आज पहिल्यांदा ऐकलं.